आधी अंदाज, मग एंटर

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या चार ओळी घ्या. पहिलीत 'अ' नावाची यादी केली, तिच्यात १, २, ३ हे आकडे. दुसरीत 'ब'ला 'अ' दिला. तिसरीत 'ब'च्या शेवटी ४ जोडला. चौथीत 'अ' छापायला सांगितला. स्क्रीनवर काय दिसेल?

विद्यापीठातल्या पहिल्या सत्राच्या वर्गात "१, २, ३" म्हणणारा गट नेहमी मोठा असतो. खरं उत्तर १, २, ३, ४. कारण 'ब' ही वेगळी यादी नाहीच. त्याच यादीवर चिकटवलेलं ते दुसरं नाव आहे. चुकणारी मुलं निष्काळजी नसतात. व्हेरिएबल (म्हणजे 'अ', 'ब' अशी नावं) म्हणजे डबा, आणि एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं की दोन स्वतंत्र वस्तू झाल्या, असं चित्र त्यांच्या डोक्यात असतं आणि त्या चित्रातून हेच उत्तर निघतं. शिवाय साध्या पूर्णांकांच्या बाबतीत हे चित्र कित्येक आठवडे बिनबोभाट चालून जातं, त्यामुळे ते पक्कं होत जातं.

आता हेच उदाहरण दोन तऱ्हांनी शिकवता येतं. शिक्षक चार ओळी टाइप करतात, एंटर दाबतात आणि म्हणतात, "बघा, 'अ'मध्येही ४ आला." वर्ग मान डोलावतो. "हो, असंच होणार" असं प्रत्येकाला वाटतं आणि चुकीचं चित्र जिथल्या तिथे राहतं. दुसरी तऱ्हा म्हणजे एंटरवरचं बोट थांबवायचं आणि प्रत्येकाला आपलं उत्तर कागदावर लिहायला लावायचं. मग एंटर. ज्याने "१, २, ३" लिहिलंय त्याला आता स्वतःच्या अक्षरातल्या चुकीचा हिशेब द्यावाच लागतो.

विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाला हीच कसोटी लावावी, असं आमचं म्हणणं आहे. उत्तर दाखवण्याआधी ते विद्यार्थ्याकडून अंदाज काढून घेतं का? घेत असेल तर ते साधं रंगीत कार्ड असलं तरी चालेल. घेत नसेल तर त्याच्या पोटात केवढंही मोठं भाषा-मॉडेल (चॅटबॉटमागचं एआय) असो, पहिल्या वर्षाच्या मुलाला त्याचा फायदा कमी आणि तोटा जास्त.

यावर कुणी म्हणेल की शेवटी प्रोग्राम चालला म्हणजे झालं. पण चालणारा प्रोग्राम आणि समज यांच्यातली दरी आजची नाही. २००१ साली मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम झाल्यावर, एक साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. तीन वर्षांनी लिस्टर आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांत पाहणी केली, तेव्हा लिहिणं सोडाच, दिलेला छोटा कोड ओळीओळीने वाचून त्याचा परिणाम सांगणंही पुष्कळांना जमत नाही असं दिसलं. म्हणजे गाडी वाचनातच अडली होती आणि आपण लेखनाचे धडे वाढवत होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या एआय-मॉडेलला पहिल्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेतले प्रश्न दिले, तर ७१ विद्यार्थ्यांच्या यादीत ते सतरावं आलं. त्यानंतरची मॉडेल्स कुठच्या कुठे गेली. तेव्हा घरून करून आणलेला चालता प्रोग्राम आता समजेचा पुरावा राहिलेला नाही. खरं तर तो पूर्वीही पुरेसा पुरावा नव्हता. शेजारच्या मित्राची फाइल तेव्हाही मिळत होतीच.

अंदाजावर बेतलेलं शिकवणं मोठ्या वर्गात बसवायचं कसं, याचं उत्तर भौतिकशास्त्राकडून आलं. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पीअर इन्स्ट्रक्शनची पद्धत संगणकशास्त्राच्या वर्गात चांगली रुजली आहे. तिचा क्रम असा: पडद्यावर चार पर्यायांचा प्रश्न, मिनिट-दीड मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, मग दोन-तीन मिनिटं शेजाऱ्यांशी वाद, पुन्हा मत, शेवटी शिक्षकांचं स्पष्टीकरण. एका प्रश्नाला सहा-सात मिनिटं जातात, म्हणजे पन्नास मिनिटांच्या तासात चार-पाच प्रश्न झाले तर पुष्कळ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत नापासांचं सरासरी प्रमाण या पद्धतीने २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

पद्धत सोपी वाटते म्हणून ती बिघडतेही सहज. पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेआधी दाखवला की चर्चा संपलीच. सगळे उंच दांड्याकडे वळतात. बरोबर मताला गुण ठेवले की मुलं विचार सोडून हुशार शेजारी शोधतात. म्हणून गुण द्यायचेच तर फक्त भाग घेतल्याबद्दल. आणि पर्याय शिक्षकांनी टेबलावर बसून कल्पनेने रचले की ते कुणालाच खरे वाटत नाहीत. चुकीचे पर्याय गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून उचलावेत, तिथे अस्सल माल असतो. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर प्रश्न जमला. त्याहून कमी असतील तर शेजाऱ्यालाही येत नाही, चर्चा कशाची करणार? त्याहून जास्त असतील तर स्पष्टीकरण दोन वाक्यांत आटपून पुढे जावं. मतासाठी यंत्रच हवं असंही नाही. चार रंगांची कार्डं पुरतात, फक्त सगळ्यांनी एकदम वर करायची.

यासाठी वेळ कुठून आणायचा? व्याख्यानातला माहितीचा भाग व्हिडिओवर टाकून, हे नेहमीचं उत्तर. त्यात खोट नाही, पण तासाभराचं व्याख्यान तसंच रेकॉर्ड करून ठेवणं म्हणजे जुनीच चूक नव्या डब्यात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक त्यावर टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. सहा मिनिटं आणि शेवटी एक अंदाजाचा प्रश्न, एवढंच माप ठेवावं.

कोड ओळीओळीने चालवून मेमरीचं चित्र दाखवणारी साधनंही याच तराजूत घालावीत. फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर २०१० पासून मोफत आहे आणि वरच्या उदाहरणातले 'अ' आणि 'ब' यांचे बाण एकाच यादीकडे जाताना त्यात स्वच्छ दिसतात. पण मुलं "पुढे" हे बटण भराभर दाबत सुटतात आणि सिनेमा पाहिल्यासारखं चित्र पाहून उठतात. प्रत्येक पायरीआधी पुढचा बाण कुठे जाईल तो वहीत काढायला लावला, तरच त्या चित्राचा उपयोग. नोटबुकचा, म्हणजे कोड छोट्या कप्प्यांत लिहून चालवायच्या साधनाचा, त्रास वेगळा. ज्युपिटर या नोटबुकमधले कप्पे कुठल्याही क्रमाने चालवता येतात. मधला कप्पा पुसला तरी त्यातला व्हेरिएबल मेमरीत जिवंत असतो. मुलाच्या मशीनवर चालतं, तपासणाऱ्याच्या मशीनवर चालत नाही, आणि दोघेही एकमेकांवर चिडतात. "कर्नल (कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून वरून खालपर्यंत चालवल्याशिवाय सबमिट नाही" हा नियम पहिल्या दिवशीच घातला तर निम्मी कटकट टळते.

ऑटोग्रेडरवर, म्हणजे प्रोग्राम आपोआप तपासून गुण देणाऱ्या साधनावर, मात्र थांबायला हवं. ही काही नवी कल्पना नाही. रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये पंच-कार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्राम यंत्राकडून तपासून घेतल्याचा लेख १९६० सालचा आहे. आज जवळपास प्रत्येक विभागाकडे असं काहीतरी असतं आणि ते बहुतेक ठिकाणी चुकीच्या तऱ्हेने लावलेलं असतं. दहा टेस्ट (ठरावीक इनपुट देऊन उत्तर ताडायच्या चाचण्या), दहाही उघड, हव्या तितक्या वेळा सबमिट करायची मुभा. मग विद्यार्थी कोड वाचायचं सोडतो. 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' टाकून बघतो, एक मिळवून बघतो, एक वजा करून बघतो, हिरवं, म्हणजे टेस्ट पास, होईपर्यंत बघतो. हिरवं झाल्यावर का झालं ते त्यालाही ठाऊक नसतं. थोडा चलाख असेल तर टेस्टमधला ५ पाहून "इनपुट ५ असेल तर १२० छाप" असं लिहून मोकळा होतो. फॅक्टोरियल (१ ते ५ चा गुणाकार १२०) काढता आलं की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

उपाय तीन-चारच आहेत, पण सगळे एकत्र लागतात. उघड टेस्ट दहापैकी तीन. उरलेल्यांत इनपुट दाखवायचं नाही, फक्त कुठल्या प्रकारात अडलं ते शब्दांत सांगायचं: "रिकामी यादी", "सगळे आकडे समान". दर वेळी इनपुट यदृच्छेने तयार करून शिक्षकांच्या नमुना-उत्तराशी ताडायचं, म्हणजे १२० छापून सुटका नाही. मात्र त्या वेळचा सीड (ज्या आकड्यावरून ते इनपुट तयार झालं तो) नोंदवून ठेवायचा, नाहीतर विद्यार्थ्याची तक्रार आली की तीच टेस्ट पुन्हा घडवता येत नाही. दिवसाला तीनच सबमिशन. आणि सबमिट करण्याआधी एक टेस्ट विद्यार्थ्याने स्वतः लिहायची, अपेक्षित उत्तरासकट. तीच त्याची अंदाजाची चिठ्ठी. ती शिक्षकांच्या नमुना-उत्तराशी जुळली नाही तर सबमिशन पुढे जातच नाही, कारण प्रश्नच समजलेला नाही.

यंत्रणेची बाजूही कच्ची ठेवून चालत नाही. प्रत्येक सबमिशन वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या जागेत), नेटवर्क बंद, मेमरीला मर्यादा, आणि दोनेक सेकंदांत संपलं नाही तर प्रोसेस मारायची. नाहीतर एका मुलाचा अनंत लूप (कधीच न संपणारी पुनरावृत्ती) मुदतीच्या रात्री सगळ्यांची रांग अडवून बसतो. आउटपुट अक्षराला अक्षर ताडलं की ओळीच्या शेवटच्या एका रिकाम्या जागेपायी बरोबर उत्तर शून्यावर जातं. दशांशांच्या बाबतीत तर असं ताडणं चूकच. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनमध्ये छापली की सतराव्या दशांशस्थानी ४ डोकावतो. तिथे फरक ठरावीक मर्यादेत आहे की नाही एवढंच पाहावं. अशा अन्यायाने एकदा शून्य मिळालेला विद्यार्थी पुढे यंत्राने दाखवलेली खरी चूकही मानत नाही.

आता एआय. त्यावर बंदी घालून पहारा ठेवायचा ही विभागांची पहिली प्रतिक्रिया, आणि ती टिकत नाही. मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखणारं स्वतःचं साधन ओपनएआयनेच जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, मागे घेतलं. नक्कल शोधणारं मॉस हे स्टॅनफर्डचं साधन १९९४ पासून आहे. व्हेरिएबलची नावं बदलली तरी ते फसत नाही. पण ते एका विद्यार्थ्याचा कोड दुसऱ्याच्या कोडशी ताडतं. चॅटबॉट प्रत्येकाला थोडा वेगळा कोड देतो. शिवाय यादीतला सर्वांत मोठा आकडा शोधणारा सहा ओळींचा प्रोग्राम प्रामाणिकपणे लिहिला तरी सगळ्यांचा सारखाच होतो. संशयावर गुण कापले की निरपराध मुलगा सापडतो आणि सराईत सुटतो.

बंदीपेक्षा बॉटचा क्रम बदलणं शहाणपणाचं. अभ्यासक्रमाच्या मदतनिसाने प्रश्न आला की आधी तीन गोष्टी मागायच्या: इनपुट काय दिलं, काय येईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय आलं. मधलं उत्तर रिकामं असेल तर सूचना नाही. पुष्कळदा ते मधलं वाक्य टाइप करतानाच चूक सापडते. प्रोग्रामर टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला कोड समजावून सांगतात, त्यातलीच ही गंमत. हार्वर्डच्या सीएस५० अभ्यासक्रमाने २०२३ मध्ये आणलेल्या एआय-मदतनिसाला बदकाचंच रूप दिलंय. अर्थात दुसऱ्या टॅबमध्ये मोकळा चॅटबॉट उघडता येतो हे कोणालाही कळतं. कुंपणाने ते थांबणार नाही. तयार उत्तराला गुणच मिळत नसतील, तर ते मागण्याची ओढ कमी होईल.

उलट एआयचा एक उपयोग कमी जण करतात: त्याच्याकडून बिघडलेला कोड लिहून घेणं. उदाहरणार्थ बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला आकडा पाहून अर्धी यादी सोडत शोधणं. शोधायचा आकडा मधल्यापेक्षा मोठा असेल तर डावं टोक 'मध्य अधिक एक'वर न्यायचं, त्याऐवजी नुसतं 'मध्य'वर नेलं. डावं टोक उजव्यापेक्षा लहान किंवा समान आहे तोवर लूप चालू. २, ५, ८ या यादीत ५ सापडतो, २ सापडतो, आणि ८ शोधायला गेलं की प्रोग्राम फिरतच राहतो. विद्यार्थ्याला विचारायचं: तो अडकेल अशी सर्वांत लहान यादी कोणती? उत्तर आहे एकाच आकड्याची यादी आणि शोधायचा आकडा त्याहून मोठा. हे चॅटबॉटला विचारूनही मिळेल. पण "का" असं फळ्यासमोर विचारलं तर टोकं हातानेच सरकवून दाखवावी लागतात. आणि कुणाला असा सराव पोरकट वाटत असेल, तर जावा या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संग्रहातल्या) बायनरी सर्चमध्येही मध्य काढण्याच्या ओळीतली चूक नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती २००६ मध्ये जाहीर झाली. फक्त एक काळजी घ्यावी. बॉटने "चूक घातली" म्हणून दिलेल्या कोडमध्ये कधी चूकच नसते, कधी तीन असतात. वर्गात नेण्याआधी शिक्षकांनी तो चालवून पाहिलाच पाहिजे.

परीक्षा मात्र माणसासमोर व्हायला हवी, इथे आम्ही तडजोड करणार नाही. पेनाने कोरड्या कागदावर कोड लिहायला लावणं हा त्यावरचा मार्ग नाही. त्यात कंस मोजले जातात. परीक्षेतला लेखनाचा भाग लॅबमध्ये, इंटरनेट बंद, भाषेची कागदपत्रं ऑफलाइन उघडी. वेळ कमी असेल तर पार्सन्स प्रश्न: बरोबर ओळी विस्कटून, त्यांत दोन-तीन फसव्या ओळी मिसळून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचा. पार्सन्स आणि हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला हा प्रकार तपासायला मिनिटभर लागतो आणि अर्धामुर्धा कळलेला विद्यार्थी त्यात नेमका कुठे अडला ते दिसतं.

आणि तोंडी परीक्षा. इथे प्राध्यापक हात वर करतात, वेळ कुठे आहे म्हणून. हिशेब करू. १२० विद्यार्थी, प्रत्येकी आठ मिनिटं आणि ये-जा करायला दोन, म्हणजे १,२०० मिनिटं, वीस तास. चार जण घेणार असतील तर प्रत्येकी पाच तास. एवढाच वेळ १२० प्रोग्राम दहा-दहा मिनिटं वाचून तपासायला लागतो, आणि ते काम तर ऑटोग्रेडरने काढून घेतलंय. यंत्राने वाचवलेले तास इथेच खर्च व्हायला हवेत. सत्रात चार असाइनमेंट असतील तर प्रत्येकाची एकच, चिठ्ठी काढून. कोणती निघेल ते आधी माहीत नसल्यामुळे चारही नीट कराव्या लागतात.

त्या आठ मिनिटांत करायचं काय? विद्यार्थ्याचाच कोड उघडायचा. दोन मिनिटं: या ओळीनंतर या व्हेरिएबलमध्ये काय असेल? तीन मिनिटं: छोटा बदल, जसं की समान आकडे आले तर पहिल्याऐवजी शेवटचा परत दे, आणि तो समोर करून दाखव. उरलेल्या वेळात: ही ओळ काढली तर कुठली टेस्ट पडेल? एंटर आम्ही दाबतो, अंदाज सांगितल्यावर. बिघडतं ते दोन जागी. घेणारे चार जण चार मापांनी गुण देतात. म्हणून प्रश्नांचा साठा लिहून ठेवायचा आणि पहिले पाच विद्यार्थी चौघांनी एकत्र बसून घ्यायचे. दुसरं, बोलका विद्यार्थी बोलून गुण नेतो आणि बुजरा अडखळतो. म्हणून उत्तर बोलूनच हवं असा आग्रह नको. बोट दाखवून, कागदावर यादी लिहून, कोड बदलून दिलेलं उत्तर तितकंच चालावं.

उद्योगात सगळे एआय वापरतात, मग विद्यापीठाने का अडवावं, असा आक्षेप येतो. वरच्या वर्षांच्या प्रकल्पांत खुशाल वापरावा. तिथे न शिकवणं हीच चूक ठरेल. पण यंत्राने दिलेल्या दोनशे ओळी मर्ज करायच्या (मूळ कोडमध्ये मिसळायच्या) की नाही हे ठरवणारा माणूस त्या वेळी नेमकं काय करतो? न चालवता, वाचून, हे कुठे फुटेल याचा अंदाज करतो. पहिल्या वर्षी तोच सराव यंत्राला देऊन टाकला तर चौथ्या वर्षी तो कुठून येणार?

शेवटची अडचण विद्यार्थ्यांच्या बाजूची आहे आणि ती कमी लेखू नये. मान डोलावण्यापेक्षा अंदाज चुकणं त्रासाचं असतं. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत २०१९ मध्ये दाखवलं गेलं की सक्रिय पद्धतीने शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलटं. बहुतेक विभाग शिक्षकाला तोलतात ते सत्राअखेरीच्या अभिप्राय-फॉर्मवर. म्हणजे पद्धत बदलणाऱ्या शिक्षकाचा आकडा पहिल्या वर्षी खाली येण्याची शक्यता मोठी, आणि दुसऱ्या वर्षी तो गुपचूप पीपीटीकडे परततो. विभागप्रमुखांनी निदान एवढं करावं: सुरुवातीच्या चार ओळींच्या उदाहरणासारखे दहा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात विचारावेत, तशाच धर्तीचे दहा शेवटच्या आठवड्यात, आणि त्यांतला फरक अभिप्रायाच्या आकड्याशेजारी, त्याच कागदावर छापावा.